उमेदवार दत्तक देणे आहे

घराणे खानदानी काँग्रेसी. वडील आर्वीचे माजी आमदार, मुलगाही आर्वीचा माजी आमदार. वळण चांगले. फक्त लोकसभेला उभे राहायला जागा नाही. ज्या पक्षाकडे जागा आहे पण मूलबाळ नाही, त्यांनीच संपर्क साधावा. मध्यस्थ नकोत.

२०२४ च्या मार्चमध्ये अशी जाहिरात छापून आली नाही, कारण दोन्ही कुटुंबं आधीच एकमेकांना ओळखत होती. महाविकास आघाडीच्या वाटणीत वर्धा लोकसभा शरद पवारांच्या राष्ट्रवादीला मिळाली. जागा हाती आली, पण तिथं उभा करायला माणूस नव्हता. माणूस काँग्रेसकडे होता, पण त्याला उभं करायला जागा नव्हती. मग अमर काळे यांनी पंजा खाली ठेवला आणि तुतारी उचलली. ३० मार्चच्या पहिल्या यादीत पाच नावं होती, त्यात वर्ध्याचं एक. तुतारीवाला माणूस हे चिन्हच मुळी २२ फेब्रुवारीला मिळालेलं. म्हणजे पाच आठवड्यांच्या चिन्हानं अख्खा वाढलेला मुलगा मांडीवर घेतला.

एरवी पक्ष सोडायचा म्हणजे केवढा सोहळा! 'घुसमट होत होती', 'कार्यकर्त्यांचा आग्रह होता', 'मतदारसंघाच्या विकासासाठी जड अंतःकरणानं' वगैरे. इथं त्यातलं काही लागलं नाही. घुसमट कुणाची होणार? सोडलेला पक्ष प्रचाराच्या गाडीत शेजारीच बसला होता. जागा गेल्याची कुरकुर काँग्रेसवाल्यांनी जरूर केली, पण ती जेवणात मीठ कमी पडल्याइतपतच. १९८५ चा पक्षांतरबंदी कायदा लिहिणाऱ्यांनी पक्षांतराला फितुरी मानलं होतं. माहेरानं ओटी भरून केलेल्या पाठवणीचा विचार त्यांच्या डोक्यात आला नसावा.

आता गाव कोणतं, तेही पाहा. १४ जुलै १९४२ ला काँग्रेसच्या कार्यकारिणीनं इंग्रजांनी चालतं व्हावं असा ठराव केला तो याच वर्ध्यात. ब्याऐंशी वर्षांनी त्याच वर्ध्यात लोकसभेच्या मतदानयंत्रावर पंजा नव्हता. ठराव पक्ष इतका मनावर घेईल असं १९४२ साली कुणाला वाटलं नसेल.

सगळ्यात हाल झाले ते कार्यकर्त्याचे. जन्मभर 'पंजा, पंजा' करत फिरलेल्या, वर्ध्याशेजारच्या पिपरी मेघेतल्या अशाच एका काल्पनिक भाऊंना मी एप्रिलच्या उन्हात, डोक्याला दुपट्टा बांधून, घरोघरी पाठवतो.

"काऊन जी भाऊ, पंजा कुठं गेला आपला?"

"यंदा पंजा नाही आजी. तुतारी वाजवून राह्यला तो मानूस पाहा, त्याचं बटन दाबा."

"लगीन कोनाचं हाये मंग?"

आजीनं अखेर बटण दाबलं आणि काळे ऐंशी हजारांहून जास्त मतांनी खासदार झाले. पडले ते रामदास तडस, दोन वेळचे भाजपचे खासदार, पैलवान माणूस. तेही मूळचे भाजपचे नव्हेत. या जिल्ह्यात कोण मूळचा कुठला, हे विचारणं आता असभ्य मानतात. दत्ता मेघे काँग्रेसमधून राष्ट्रवादीत, राष्ट्रवादीतून परत काँग्रेसमध्ये आणि २०१४ मध्ये भाजपमध्ये गेले. त्याच वर्षी त्यांचा एक मुलगा वर्ध्यातून पंजावर पडला आणि दुसरा हिंगण्यातून कमळावर आमदार झाला. घरातल्या घरात एवढी सर्वसमावेशक लोकशाही अथेन्सलाही जमली नसेल. पिपरी मेघे ज्या विधानसभा मतदारसंघात येतं तिथले आमदार पंकज भोयर काँग्रेसमध्ये वाढले, २०१४ मध्ये भाजपमध्ये गेले, निवडून आले, पुढं मंत्री झाले. त्यांच्यासमोर काँग्रेसचे शेखर शेंडे २०१४, २०१९ आणि २०२४ असे लागोपाठ तीनदा पडले. पक्षनिष्ठेवर व्याख्यान ठेवायचं झाल्यास वक्ता शोधायला लांब जायला नको. श्रोते मात्र बाहेरून आणावे लागतील.

दत्तकविधानाचा गुण फार दिवस टिकला नाही, हेही सांगायला हवं. नोव्हेंबरात विधानसभेला आर्वीतून तुतारी घेऊन अमर काळे यांच्या पत्नी मयुरा काळे उभ्या राहिल्या आणि भाजपच्या सुमित वानखेडेंकडून पडल्या. जिल्ह्यातल्या चारही जागा कमळाला गेल्या. एप्रिलमध्ये तुतारी ओळखायला शिकलेली आजी नोव्हेंबरात कुठं गेली, याचा शोध आघाडीतले पक्ष एकमेकांच्या घरात घेत राहिले.

पक्ष सोडण्याधरण्याच्या बाबतीत पिपरी मेघेची सोय उत्तम आहे. जनगणनेच्या दप्तरी हे शहर, कारभार ग्रामपंचायतीचा. आणि ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत पक्षाचं चिन्हच नसतं. त्यामुळे इथं कुणाला पक्ष सोडावा लागत नाही, धरावाही लागत नाही. निकालाच्या संध्याकाळी गुलाल तेवढा एक असतो. निवडून आलेले सदस्य आपलेच, असं सांगणारी पत्रकं मात्र प्रत्येक पक्षाच्या कार्यालयातून निघतात, आणि त्यांची बेरीज केली की सदस्यसंख्येच्या दुप्पट भरते.