खरा भाव

हातोदच्या आमच्या सेकंदकाकांना फोन लावला, की ते ‘हॅलो’ म्हणत नाहीत. ‘रिचार्ज कितीचा मारलास?’ असं विचारतात. घरात मराठी, बाजारात माळवी आणि फोनवर नुसते आकडे, अशा तीन भाषा त्यांना येतात. सदऱ्याच्या खिशात लाल चोपडी. तिच्यात प्रत्येक कॉलची नोंद.

३१ जुलै १९९५ ला पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीला केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल कॉल केला. लोकांना त्यात क्रांती दिसते, काकांना बिल. ‘अरे, मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर होता आणि उचलणाऱ्यालाही मीटर! काय बोलले असतील दोघं, जीव मुठीत धरून?’

२००३ साली इनकमिंग फुकट झालं, त्या दिवसापासून काकांचं आउटगोइंग बंद. इंदूरहून बस सुटली की एक मिस्ड कॉल, हातोदला उतरले की दोन. तीन म्हणजे ‘काम आहे, तूच लाव.’

लावावाच लागला तर पल्स मिनिटाची. एकसष्टाव्या सेकंदाला दुसरा रुपया! म्हणून काका घड्याळ समोर ठेवून अठ्ठावन्नाव्या सेकंदाला कापत. एकदा पुण्याच्या आत्यानं विचारलं, ‘दादा, आईच्या पाटल्या नक्की कुणाकडे...’ आणि अठ्ठावन्न झाले.

२००९ मध्ये सेकंदाला पैसा आला. एकसष्ट सेकंदांचे एकसष्ट पैसे! त्या सकाळी काकांनी स्वखर्चानं पोहे-जलेबी खाऊ घातली. पुढे २०१६ नंतर कॉल पॅकमध्येच फुकट मिळू लागले आणि काकांची चोपडी बेकार झाली. चार दिवस ते उदास होते. मग त्यांना अठ्ठावीस दिवस सापडले.

‘महिना कसला? अठ्ठावीस गुणिले तेरा, तीनशे चौसष्ट! वर्षाला तेरा रिचार्ज. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच!’

त्याच झपाट्यात त्यांनी फुकट कॉलचा खरा भाव काढला. पॅक २९९ चा, महिन्यात बोलणं ४६ मिनिटं. ‘साडेसहा रुपये मिनिट! डोकं फिरलं की काय माझं?’

मिनिटं वाढवणं एवढाच उपाय होता. अठ्ठावन्नाव्या सेकंदाला कापणारा माणूस आता तासन्‌तास ठेवेना. आत्या बिचारी फोन स्पीकरवर टाकून पोळ्या लाटते.

परवा पॅकचा शेवटचा दिवस होता. आत्या म्हणाली, ‘दादा, ठेवते आता. कणीकसुद्धा संपली.’

‘थांब गं! दोनशे नव्वद झालीत. एक रुपया तीन पैशांवर आलोय. अजून नऊ मिनिटं बोल, रुपयाला पडेल.’

‘बोलू काय पण?’

‘काहीही बोल. सगळं फुकटच आहे.’

आत्यानं जरा विचार केला. ‘मग त्या आईच्या पाटल्यांचं...’

त्या महिन्याचा दर चोपडीत एक रुपया तीन पैसे असाच लिहिलेला आहे.