पहिला गेमिंग पीसी: असमतोल साधण्याची शास्त्रशुद्ध रीत

मध्यम बजेटमध्ये, म्हणजे 80 हजारांच्या आसपास, नेटका गेमिंग पीसी जुळवणे मुळीच अवघड नाही. सहा कोअरचा प्रोसेसर घ्यावा, एकूण पैशांतला तिसरा हिस्सा किंवा थोडा जास्तच ग्राफिक्स कार्डावर घालावा, 16 जीबी रॅम आणि खात्रीचा एसएमपीएस घ्यावा. झाले काम. पण इतक्या सरळपणे भागले तर मित्रमंडळींत वाद कशावर घालायचा? सबब, पहिल्यांदाच पीसी असेंबल करणाऱ्या इच्छुकांसाठी लोकमान्य पद्धत येथे देत आहोत.

प्रथम घरची मंजुरी. ‘गेम’ हा शब्द उच्चारू नये. ‘ऑटोकॅड अडकतं’ एवढेच म्हणावे. वडील विचारतील, “मग लॅपटॉप का नको?” आई विचारील, “रात्रभर चालू राहणार का हे?” दोन्ही प्रश्नांना ‘प्रोजेक्ट’ हे एकच उत्तर पुरते. आयटीतल्या आतेभावाला सोबत घ्यावे. तो दिवसभर लॅपटॉपवर एक्सेल बघतो, म्हणजे त्याला हार्डवेअर कळत असणारच.

मुंबईकरांनी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठावा आणि पहिल्याच दुकानात शिरताक्षणी आपले बजेट खणखणीत आवाजात सांगावे. उरलेली निवड दुकानदार करतो.

प्रोसेसर निवडताना नावातला आकडा पाहावा. तो नऊ असावा. कोअर आय9-14900के ऐन भरात 253 वॅटपर्यंत वीज ओढतो, तर आरटीएक्स 4060 हे अख्खे ग्राफिक्स कार्ड 115 वॅटमध्ये भागवते. म्हणजे गेममधले दृश्य रंगवणाऱ्या कार्डापेक्षा त्याला कामे वाटून देणारा साहेब दुप्पट खातो. सायबरपंक 2077 सारख्या गेममध्ये सगळी सेटिंग्ज वर चढवली की बहुतेक भार कार्डावरच पडतो. तिथे रायझन 5 5600 किंवा आय5-12400एफ हे साधे सहा कोअरवाले प्रोसेसरही या कार्डाला पुरून उरतात. पण त्यांची नावे ऐकून कट्ट्यावर कोणी मान वळवत नाही. व्हॅलोरंटसारख्या हलक्या गेममध्ये मात्र प्रोसेसरच फ्रेम ठरवतो. म्हणून तेवढेच खेळणाऱ्याने उलट वागावे आणि जुन्या चार कोअरच्या प्रोसेसरवर महागडे कार्ड चढवावे.

आय9 घेतल्यावर उरलेल्या पैशांत एच610 चा सर्वांत स्वस्त मदरबोर्ड येतो. सॉकेट तेच असल्याने प्रोसेसर बसतोही. बोर्डावरची वीजपुरवठ्याची सर्किटे तापली की प्रोसेसर स्वतःच वेग उतरवून आय5 च्या पातळीवर येतो. विनयाचे इतके महागडे प्रशिक्षण अन्यत्र मिळणार नाही.

रॅम एकाच स्टिकची घ्यावी. 8-8 जीबीच्या दोन स्टिक लावल्या तर ड्युअल चॅनेलने गेम सुरळीत चालण्याचा धोका असतो. बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू करू नये. 6000 ची डीडीआर5 विकत घेऊन ती 4800 वर पळवण्यात एक संयम आहे. 2025 च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलून रॅमचे भाव भडकवले, त्यामुळे हा संयम आता चांगलाच महाग पडतो.

यानंतरचा विषय गंभीर आहे: एसएमपीएस. तो निवडूच नये. कॅबिनेटसोबत फुकट येतो तो घ्यावा. त्यावर ठळक अक्षरांत 500 वॅट छापलेले असते. खालचे बारीक कोष्टक वाचायला चष्मा काढू नये. तिथे 12 व्होल्टसमोर 18 अँपिअर लिहिलेले असेल, तर गुणाकार 216 वॅट येतो, आणि प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड याच 12 व्होल्टवर जगतात. आरटीएक्स 4060 साठी एनव्हिडियाने सुचवलेला 550 वॅटचा खरा एसएमपीएस घेतला, तर गेम ऐन रंगात आला असता पीसी फटकन बंद पडण्याचा थरार कुठून येणार? ज्यांना हा थरार सोसत नाही त्यांनी दुसरे टोक गाठावे, म्हणजे 1000 वॅटचा ‘80 प्लस गोल्ड’ घ्यावा. 80 प्लसचा शिक्का वीज किती कमी वाया जाते एवढेच सांगतो, आतला माल किती टिकेल हे नाही. ही माहिती आतेभावाला देऊ नये, तो दुखावतो.

कॅबिनेट समोरून काचेचे, हवाबंद आणि रंगीबेरंगी असावे. अधिक विचार नको.

मॉनिटर जुनाच ठेवावा. तो 60 हर्ट्‌झचा असल्याने पीसीने सेकंदाला 140 फ्रेम काढल्या तरी डोळ्यांना साठच दिसतील. 144 हर्ट्‌झचा नवा घेतलाच, तर विंडोजमधली डिस्प्ले सेटिंग उघडूच नये. बहुधा ती साठवरच असते.

शेवटी जोडणी. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाला न लावता मदरबोर्डाला लावावी. प्रोसेसरच्या नावापुढे ‘एफ’ असेल तर पडदा काळाच राहील आणि चूक लगेच लक्षात येईल, म्हणून असा प्रोसेसर टाळावा. आय9-14900के मध्ये छोटे ग्राफिक्स आतच असते. चित्र छान उमटते, फक्त गेम रांगतो. मग दुकानदाराला फोन करून, बिल फडफडवत, कार्ड खराब दिल्याबद्दल झापावे. तो शांतपणे विचारील, “केबल कुठे लावलीये, भाऊ?” इथे ‘आवाज तुटतोय’ म्हणून फोन ठेवावा.