बायकोच्या नावानं चांगभलं

मार्च लागला की दुकानदार आणि घरमालक यांच्या मनात अर्धांगिनीविषयी प्रेमाचं भरतं येतं. ठेव तिच्या नावावर, गाळा तिच्या नावावर, भाड्याचा फ्लॅटही तिच्याच नावावर. सल्लागार कोण? मेव्हण्याचा मित्र. प्राप्तिकर कायद्यानं मात्र ही शक्कल १९६१ सालीच ओळखून ठेवली होती. पैसा तुमचा आणि नाव तिचं असेल, तर उत्पन्न तुमच्याच खात्यात धरायचं. सुनेच्या नावावर केलंत तरी तेच. १ एप्रिल २०२६पासूनच्या नव्या कायद्यात कलमांचे आकडे बदलले, पण बायको आणि सून जिथल्या तिथे आहेत.

खरी गंमत पुढेच आहे. तीच ठेव म्हाताऱ्या आईवडिलांना रीतसर बक्षीस दिली, तर व्याज त्यांचं उत्पन्न धरतात. त्यांना दुसरी मोठी मिळकत नसेल, तर कर बहुधा शून्य. बक्षिसावरही कर नाही. इतका सरळ, कायदेशीर मार्ग असून त्याची चौकशी करणारा विरळाच, कारण वडिलांच्या नावावर गेलेल्या पैशाला उद्या धाकटा भाऊ आणि बहीणही वारस! मृत्युपत्र करून घ्या म्हणावं, तर वडिलांसमोर जीभ रेटत नाही. कर परवडला, वाटण्या नकोत. सीएला हे सगळं ठाऊक असतं. तो चहा मागवतो.

दुकानात चला. 'ऑनलाइन नको, रोख द्या' म्हणणाऱ्या शेटजींची उलाढाल समजा ८० लाख आहे. अंदाजित उत्पन्नाच्या योजनेत रोख विक्रीवर ८ टक्के नफा धरतात, बँकेतून आलेल्या पैशावर ६ टक्के. म्हणजे सगळं रोखीत घेतलं तर किमान ६ लाख ४० हजार दाखवा, क्यूआर कोडवर घेतलं तर ४ लाख ८० हजार. अर्थात शेटजींना उलाढालच दाखवायची नसते, हे आपल्यालाही कळतं. मग दुसरा गाळा घ्यायला कर्ज हवं म्हणून तेच बँकेत जातात आणि मॅनेजर विवरणपत्र चाळून विचारतो, 'एवढ्याशा उत्पन्नात हप्ता कसा भरणार?' तेव्हा शेटजींचा चेहरा बघण्यासारखा असतो.

घरमालकांचं थोडक्यात. भाड्यातून दुरुस्तीसाठी ३० टक्के सरसकट वजावट मिळते, रंगाऱ्याच्या पावत्या जपल्या काय नि रद्दीत दिल्या काय. घरपट्टी मात्र ज्या वर्षी तुम्ही प्रत्यक्ष भरली, त्याच वर्षी वजा होते. थकवली तर वजावटही थकली. आणि 'अकरा महिन्यांचाच करार आहे, नोंदणी कशाला?' हे वाक्य महाराष्ट्रात तरी कोपऱ्यातल्या झेरॉक्सवाल्यालाच ऐकवा. भाडे नियंत्रण कायदा १९९९नुसार लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी मुदत कितीही असो करावीच लागते, आणि ती जबाबदारी घरमालकाची.

राहिला फ्लॅटविक्रीतला तो हळू आवाजातला प्रश्न, 'थोडे रोख चालतील ना?' या व्यवहारात २० हजार किंवा जास्त रोख घेतली, तर घेतली तेवढाच दंड होऊ शकतो. म्हणजे दहा लाखांचं पाकीट पकडलं गेलं, तर दहा लाखांची पावती. रेडी रेकनरचा सरकारी आकडा करारातल्या किमतीपेक्षा १० टक्क्यांहून जास्त निघाला, तर विकणाऱ्याचा नफा रेकनरच्या दरानंच मोजतात आणि घेणाऱ्यालाही फरकावर कर लागू शकतो. म्हणून किंमत रेकनरला चिकटवून लिहायची, वरचे रोखीत. झकास. दहा वर्षांनी घेणाराच विकायला निघतो, तेव्हा कागदावर खरेदीचा आकडा छोटा आणि म्हणून नफा भलामोठा दिसतो. रोखीत मोजलेल्या नोटांची वजावट मागायला तोंड कुठे आहे? त्यावर त्याला एकच तोडगा सुचतो. तो समोरच्या गिऱ्हाइकाकडे जरा झुकतो आणि आवाज खाली आणून विचारतो, 'थोडे रोख चालतील ना?'