सागवान पोहोचलं, प्रश्न वाटेत आहे

संसदेच्या नव्या इमारतीत १९ सप्टेंबर २०२३ रोजी कामकाज सुरू झालं. त्याआधी वास्तूच्या अंगावरचा कुठला दागिना कुठून आणला, याची यादी कौतुकाने जाहीर झाली होती. दगड सरमथुऱ्याचा, गालिचे मिर्झापूरचे, फरशीचा बांबू त्रिपुरातला आणि सागवान नागपूरचं. आता नागपुरात सागवान उगवत नाही, तिथे उड्डाणपूल उगवतात. इंग्रजांनी ‘सीपी टीक’ म्हणून ज्याचं नाव केलं ते लाकूड पूर्व विदर्भाच्या आणि शेजारच्या मध्य प्रदेशाच्या रानातलं. पण दिल्लीला जायचं तर नागपूरचा शिक्का लागतोच, लाकडाला काय नि पुढाऱ्याला काय.

तर रान दिल्लीला पोहोचलं. रानातला खासदार तर दर पाच वर्षांनी पोहोचतोच. वाटेत अडकतो तो त्याचा प्रश्न.

हा खासदार कोणी एक माणूस नव्हे. पक्ष बदलतो, चेहरा बदलतो, जाकीट तेवढं तेच राहतं. नमुन्यादाखल गडचिरोली-चिमूर मतदारसंघ घ्या. एक टोक गोंदिया जिल्ह्यातल्या आमगावात, दुसरं गोदावरीकाठच्या सिरोंच्यात. मधे जंगल, नद्या आणि मोबाइलची रेंज शोधत उभी असलेली माणसं. इथल्या घरात प्रश्न एकच असतो: तेंदूपत्त्याचे पैसे एवढे कमी कसे आले, आणि जे आले त्यात सिलिंडर भरायचा की पोराची फी? घरात एका दमात विचारला जाणारा हा प्रश्न दिल्लीत उतरला की त्याच्या वाटण्या होतात. तेंदू वने व पर्यावरण मंत्रालयाकडे, तेंदूवरचा कर अर्थ मंत्रालयाकडे, सिलिंडर पेट्रोलियमकडे आणि वनहक्काचा कागद आदिवासी कार्य मंत्रालयाकडे. बाईची ओंजळ एकच, पण तिच्या बोटांवर वेगवेगळ्या खात्यांची मालकी.

भाऊ (तिकडे खासदाराला भाऊच म्हणतात) प्रश्नाची नोटीस देतात, तीही किमान पंधरा दिवस आधी. मग सोडत निघते. दिवसाला वीस प्रश्न तारांकित, त्यांतले तोंडी चर्चेला येतात चार-पाच. उरलेल्यांना उत्तर मिळतं ते लेखी. लेखी उत्तरांच्या शैलीवर कोणीतरी प्रबंध लिहायला हवा. सगळ्यांत देखणं वाक्य असं: माहिती गोळा केली जात आहे व ती सभागृहाच्या पटलावर ठेवली जाईल. हे वाक्य म्हणजे आश्वासन धरलं जातं, आणि आश्वासनांचा पाठपुरावा करायला संसदेची वेगळी समिती आहे. म्हणजे उत्तर मिळालं नाही तरी ते न मिळाल्याची नोंद चोख राहते.

शून्य प्रहर हा दुसरा मार्ग. आपल्याकडे प्रहर तीन तासांचा असतो. दिल्लीतल्या प्रहरात भाऊंच्या वाट्याला येतात एक-दोन मिनिटं, आणि खुद्द या प्रहराचं नाव लोकसभेच्या नियमपुस्तिकेत नाही. मुद्दे मांडायचा नियम ३७७ मात्र पुस्तिकेत आहे. पण सभागृहात गोंधळ असला की त्या नियमाखालचे मुद्दे ‘मांडले असे समजून’ पटलावर ठेवले जातात. न बोलता बोलल्याचं पुण्य पदरात पडतं. राहिलं शुक्रवारी दुपारचं खासगी विधेयक. स्वातंत्र्यापासून अशी चौदा विधेयकं कायदा झाली, शेवटचं १९७० साली. तेव्हा गडचिरोली जिल्हा जन्मायला अजून बारा वर्षं होती.

एवढ्यातूनही भाऊ चिकाटीने बांबू उपस्थित करतात. बांबू हे गवत आहे, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. पण १९२७ च्या भारतीय वन कायद्याने त्याला झाडांच्या व्याख्येत बसवलं, आणि झाड म्हटलं की तोडायला परवानगी आली, न्यायला वाहतूक पास आला. पुढे २००६ च्या वनहक्क कायद्याने त्याच बांबूला गौण वनोपज म्हटलं आणि त्यावर गावाचा हक्क सांगितला. एका कायद्यात झाड, दुसऱ्यात गौण, वनस्पतिशास्त्रात गवत. हा गुंता सोडवायला धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) उठलं. सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवूनही गावाला स्वतःचा बांबू बाहेर नेता येईना. शेवटी तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सगळ्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं आणि एप्रिल २०११ मध्ये ते स्वतः मेंढ्याला येऊन वाहतूक पासाचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती देऊन गेले. पावतीपुस्तक पोचवायला केंद्रीय मंत्री येतो, असा दुसरा दाखला टपाल खात्याकडेही नसेल.

२०१७ मध्ये बांबू झाडांच्या व्याख्येतून सुटला. नव्वद वर्षांनी गवत कायद्याने गवत झालं, पण तेही वनक्षेत्राबाहेरचं. शेताच्या बांधावरचा बांबू मोकळा. बांधापलीकडे जंगलात उगवलेला त्याचा सख्खा भाऊ अजून वन कायद्याच्या ताब्यात. आणि २६ जुलै २०२३ रोजी जंगलाच्या १९८० सालच्या मूळ संरक्षण कायद्यातली मोठी दुरुस्ती लोकसभेत मंजूर झाली, ती मणिपूरमधल्या हिंसाचारावरून चाललेल्या गदारोळात. रानाबद्दल बोलायला भाऊंना कधी नव्हे तो दिवस आला होता, नेमकं त्याच दिवशी काही ऐकू येत नव्हतं.

आता कर. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा सोन्यावर ३ टक्के लागला, पैलू न पाडलेल्या हिऱ्यावर पाव टक्का आणि तेंदूपानावर १८. पान हिऱ्याहून दुर्मीळ असावं, अशी बहुधा जीएसटी परिषदेची समजूत झाली असावी. प्राप्तिकर कायद्याच्या २०६ सी कलमाची गंमत याहून जुनी आहे. विक्रेत्याने खरेदीदाराकडून आगाऊ गोळा करायच्या करात मद्याला १ टक्का आणि तेंदूपानाला ५, अशी दरांची उतरंड तिथे वर्षानुवर्षं नांदली. कर ठेकेदार भरतो, पान तोडणाऱ्या बाईला काय त्याचं, असं विचारणारे हुशार लोक असतात. ठेकेदार त्यांच्याहून हुशार. तो लिलावाला येतानाच हिशेब करून येतो आणि कराचा आकडा बोलीतून वजा करून मगच तोंड उघडतो.

भाऊंनी हेच सभागृहात मांडलं की मिळणारं उत्तर घटनेला धरून असतं: दर ठरवते जीएसटी परिषद. तिथे एकतृतीयांश मत केंद्राचं, दोनतृतीयांश राज्यांचं आणि बसायला मंत्री. खासदाराला खुर्ची नाही. कर बसवणाऱ्या कायद्याला हात वर करायचा तो भाऊंनी, दर भलत्याच खोलीत ठरणार. अखेर सप्टेंबर २०२५ मध्ये परिषदेने पानाचा दर १८ वरून ५ वर आणला. आठ हंगाम गेले होते. तो कोणाच्या भाषणामुळे उतरला हे ठरवणारं कलम नसल्याने श्रेय प्रत्येकाचं. याच पानाच्या विडीचाही दर २८ वरून १८ करायचं त्याच बैठकीत ठरलं, आणि त्यावर खूश व्हायचं की नाही, हे भाऊंनी आरोग्य मंत्रालयाच्या शेजारच्या बाकाकडे बघून ठरवावं.

राहिली महागाई. उज्ज्वला योजनेच्या सिलिंडरला ३०० रुपयांची सवलत वर्षाला बारा वेळा मिळायची. २०२५-२६ साठी ती नऊ वेळांवर आली. वर्षाचे महिने तेवढे बाराच राहिले. उरलेल्या तीन महिन्यांसाठी सरपण आहेच, फक्त ते आणायचं कुठून, हे पुन्हा वन खात्याला विचारायचं. खुद्द भाऊंची मात्र महागाईतून सुटका झाली आहे. २०१८ साली खासदारांचा पगार महागाईच्या निर्देशांकाला बांधला गेला. दर पाच वर्षांनी तो आपोआप वाढतो, मागावा लागत नाही. मार्च २०२५ मध्ये तो महिना १ लाखाचा १ लाख २४ हजार झाला, तोही एप्रिल २०२३ पासूनच्या थकबाकीसह. तेंदूपानांच्या पुड्याच्या मजुरीला असा निर्देशांक अजून कोणी बांधलेला नाही.

मे महिन्यात सहसा अधिवेशन नसतं आणि तेंदूचा हंगाम असतो, म्हणून भाऊ गावात येतात. संध्याकाळी फळीवर (तेंदू गोळा करायच्या जागेवर) पुडे मोजून ओळीने मांडणं चालू असतं. उन्हात पानं सुकायची, सुकली की बोद (पोती) भरायचे. कार्यकर्ता मोबाइल पुढे करतो. त्यात भाऊ सभागृहात बोलताहेत. मागे सागवान चमकतंय.

“भाऊ, तुमी बोलले ते पाहिलं,” एक म्हातारा म्हणतो. “बेस बोलले. मागच्या सालचा बोनस कई भेटते?”

भाऊ सांगतात, विषय राज्याकडे आहे, मी पत्र लिहितो.

पलीकडे बसलेली बाई मान वर न करता पानं मोजते आहे. अडुसष्ट, एकोणसत्तर, सत्तर. वाखाच्या दोरीची गाठ मारून ती पुडा बाजूला ठेवते आणि पुढचा घेते. मोबाइलवर अध्यक्ष म्हणताहेत, माननीय सदस्य, आपली वेळ संपली.