रिकाम्या टाकीचे मालक

कॅटफिश पाळणाऱ्याच्या घरी गेलात तर तोंडाशी आलेला पहिला प्रश्न गिळून टाका. "मासे कुठे आहेत?" असं विचारलंत की संध्याकाळ गेली म्हणून समजा. समोर चार फुटी टाकी असते. वर दिवा, कोपऱ्यात गुरगुरणारा फिल्टर, तळाला बारीक वाळू, दोन ओंडके, एक उलटी ठेवलेली कुंडी, थोडा पाचोळा. मासा औषधालाही नाही. यजमान मात्र टाकीसमोर असे बसलेले असतात, जणू आत बालगंधर्वांचं नाटक रंगलंय आणि आपण उशिरा येऊन रसभंग केलाय.

"चोवीस आहेत," आमच्या मजल्यावरचे काका म्हणाले. "तुम्हाला किती दिसले?"

मी एका पानाकडे नुसतं पाहिलं.

"शाब्बास. ते पान नाही. बँजो कॅटफिश."

"मग ती काडी?"

"फार्लोवेला. तोही कॅटफिशच."

"आणि तो काळा दगड?"

"तो दगड आहे," काका जरा दुखावून म्हणाले.

मासे पाळणाऱ्यांत जाती-पोटजाती पुष्कळ. फ्लॉवरहॉर्नवाला वास्तुशास्त्रासाठी मासा ठेवतो, आणि माशाच्या टेंगळाबरोबर आपला धंदाही वाढेल अशी त्याला खात्री असते. अरोवानावाला येणाऱ्या-जाणाऱ्याला किंमत सांगता यावी म्हणून ठेवतो. गोल्डफिश मुलांच्या हट्टापायी येतात आणि मुलांच्या परीक्षेच्या सुमारास जातात. कॅटफिशवाल्याला यातलं काहीच मिळत नाही. त्याचा मासा दिवसा दिसत नाही, रात्री दिसला तर सुंदर दिसत नाही, आणि सुंदर असलाच तर तो नेमका कोण याबद्दल वाद असतो. त्या वादावरच हा माणूस जगतो. आमचे काका निवृत्तीपूर्वी ऑडिटमध्ये होते यात मला काही नवल वाटत नाही. ताळेबंद जुळला की त्यांचा चेहरा पडायचा असं त्यांचे जुने सहकारी सांगतात.

हा नमुना ओळखायला सोपा आहे. उजवी बाही कोपरापर्यंत ओली. खिशात भिंग. फ्रीजरमध्ये आईस्क्रीमच्या डब्यात आईस्क्रीम नसतं, गोठवलेल्या लाल अळ्या असतात, आणि हे पाहुण्यांच्या मुलांना डबा उघडल्यावर कळतं. घरातले निम्मे काटेचमचे पाण्याखाली, कारण काकडी तरंगते. काटा टोचल्याशिवाय ती तळाशी जात नाही, आणि तळाशी गेल्याशिवाय प्लेको जातीचा कॅटफिश तिला तोंड लावत नाही. दुधी आधी किंचित वाफवून घ्यावा लागतो. "माझ्या बाळंतपणात यांनी मला पेज करून दिली नव्हती," असं काकू एकदाच म्हणाल्या, पण चाळणीत दुधी निथळत असताना म्हणाल्या.

बरेचसे कॅटफिश रात्री हिंडतात, म्हणून जेवणही रात्री. साडेअकराला घरातले दिवे मालवायचे, टॉर्चवर लाल जिलेटीन कागद लावायचा आणि श्वास रोखून बसायचं. मुक्कामाला आलेल्या काकूंच्या मावशी रात्री पाणी प्यायला उठल्या, तर हॉलमध्ये गुडघ्यांवर बसलेला जावई आणि त्याच्या चेहऱ्यावर लाल उजेड. मावशी दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या एसटीने गेल्या.

काकांना राग येतो तो दोन शब्दांचा. पहिला, "सफाईवाला". दुकानदार गिऱ्हाइकाला सांगतो, हा मासा घ्या, काच साफ करतो, बाकीच्यांची घाण खातो, याला वेगळं खायला घालावं लागत नाही. या एका वाक्यापायी देशभर किती मासे उपाशी मेले असतील, असं म्हणून काका घसा साफ करतात. घाण कोणताच कॅटफिश आवडीने खात नाही. कोरीडोरस वाळूत तोंड घालतो तो किडे-अळ्या शोधायला, आणि वाळूऐवजी धारदार खडी असली की त्याच्या मिशा झिजून जातात. पनाकीला लाकूड लागतं, तो ते तासून काढतो. ऑटोसिन्क्लस शेवाळ खातो हे खरं, पण नव्याकोऱ्या टाकीत शेवाळच नसतं आणि तो आठवड्याभरात मान टाकतो. कॅटफिशच्या त्वचेवर, मिशांवर चव ओळखणाऱ्या गाठी असतात. म्हणजे हा प्राणी सगळ्या अंगाने चव घेतो, आणि तुम्ही त्याला घाण खाणारा म्हणता? इथे काकांचा आवाज चढतो आणि खालच्या मजल्यावरचे खिडकी लावून घेतात.

दुसरा शब्द "सकर". रविवारी सकाळी काका दुकानात जातात तेव्हा मी एकदा बरोबर होतो. पोराने दुहेरी पिशवीत दोन इंची मासा भरला (दुहेरी अशासाठी, की कॅटफिशचे काटे एकेरी पिशवीला भोक पाडतात) आणि म्हणाला, "चाळीस रुपये, काका."

"नाव सांग."

"सकर."

"ते नाव नाही रे, तो त्याचा धंदा झाला. नाव सांग."

पोराने मालकाकडे पाहिलं. मालकाने छताकडे पाहिलं. काकांनी पिशवी उजेडात धरली आणि भिंग काढलं. पाठीवरच्या परात पहिला एक कडक काटा असतो, त्यामागे मऊ काड्या. सात भरल्या तर हायपोस्टोमस, दहा किंवा जास्त भरल्या तर टेरिगोप्लिक्थिस. अडचण एवढीच, की पिशवीत घाबरलेला मासा पर मिटून बसतो. तो उघडेपर्यंत थांबायचं. मागे माणसं जमली. एका बाईंना गप्पींचं खाद्य हवं होतं, त्यांनी दोनदा घड्याळ पाहिलं. अखेर पंखा उलगडावा तसा नजाकतीने नव्हे, चक्क चिडून, त्या माशाने पर ताणला. "आठ... नऊ... दहा... अकरा, हालू नको रे... बारा!" काकांनी पिशवी खाली ठेवली. "टेरिगोप्लिक्थिस." आवाजात निराशा होती. आपल्याकडच्या दुकानांतून सकर म्हणून मिळतो तो बहुधा हाच. सात काड्यांचा हायपोस्टोमस आज तरी निघेल, या आशेवर ते दर रविवारी मोजतात.

मासा त्यांनी घेतला नाही, घेण्याची गरजही नसते. हा दोन इंची जीव दीड फुटापर्यंत वाढतो, आणि मग लोकांना काकांची आठवण होते. सुट्टी लागली की दारात बादली. "काका, आमचा सकर फार मोठा झालाय, तुमच्याकडे राहील का?" काका नाही म्हणत नाहीत, कारण नाही म्हटलं तर बादली नदीकडे जाते. मूळ दक्षिण अमेरिकेतला हा मासा अशाच बादल्यांतून आपल्या नद्या-तलावांत पोचला. उजनीच्या मच्छीमारांच्या जाळ्यात तो येतो, काट्यांनी जाळं फाडतो आणि बाजारात त्याला कोणी विचारत नाही. त्यामुळे काकांच्या गच्चीवर सिंटेक्सची एक जुनी टाकी आहे. तिला काकू अनाथाश्रम म्हणतात.

आता कोरीडोरसकडे येऊ. दुकानात 'जुली' म्हणून मिळणारा गोजिरवाणा ठिपकेदार मासा बहुतेक वेळा जुली नसतोच, तो ट्रायलिनिएटस असतो. फरक डोक्यावर पाहायचा. ठिपके सुटे असतील तर जुली, एकमेकांत मिसळून जाळी झाली असेल तर ट्रायलिनिएटस. काकांनी हे दुकानदाराला समजावलं. दुकानदाराने अत्यंत आदराने ऐकून घेतलं आणि जाळीवाल्यांची किंमत तीच ठेवून पाटीवर लिहिलं, "जुली ओरिजिनल".

पण कॅटफिशवाल्याचं खरं सुख दुकानदाराच्या अज्ञानात नसतं. शास्त्रज्ञांची गडबड झाली की तो खुलतो. जगात कॅटफिशच्या चार हजारांच्या घरात प्रजाती, आणि ब्राझीलहून नवे नवे प्लेको इतक्या वेगाने येऊ लागले की नावं ठेवायला कोणाला फुरसत मिळेना. तेव्हा १९८८ साली एका जर्मन अक्वेरियम मासिकाने त्यांना सरळ नंबर द्यायला सुरुवात केली. एल-१, एल-२, असे. काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा झेब्रा प्लेको म्हणजे एल-४६. तो फक्त ब्राझीलच्या शिंगू नदीत सापडतो, आणि काका त्याचा फोटो पाकिटात ठेवतात. (काकूंचा फोटो त्याच्या मागे आहे.) नंबर दिले म्हणजे घोळ संपेल असं त्या जर्मनांना वाटलं असावं. पण एल-२०० या एका नंबराखाली दोन निराळे मासे निघाले, आणि पिवळ्या ठिपक्यांच्या गोल्ड नगेटला लहान-मोठे ठिपके पाहून तीन-चार वेगवेगळे नंबर मिळून बसले. हे सांगताना काकांच्या चेहऱ्यावर जे समाधान असतं, ते मी त्यांच्या मुलीच्या लग्नातही पाहिलं नाही. ऑडिटमध्ये एवढं मोठं प्रकरण त्यांच्या हाती कधी लागलं नव्हतं.

काचेसारखा आरपार दिसणारा ग्लास कॅटफिश घ्या. त्याची हाडं दिसतात, आतडी दिसतात, लपवायला त्याच्यापाशी काही नाही. तरी तो जगभरच्या टाक्यांतून कित्येक वर्षं दुसऱ्याच माशाच्या नावाने वावरला. २०१३ साली त्याला क्रिप्टोप्टेरस व्हिट्रिओलस हे त्याचं स्वतःचं नाव मिळालं. २०२४ साली तर कहर झाला. कोरीडोरस या एका घराण्याची वाटणी झाली आणि बरेच जण होप्लिसोमा, ब्रोकिस अशा वेगळ्या आडनावांखाली गेले. त्या आठवड्यात काकांनी टाकीवरच्या सगळ्या चिठ्ठ्या काढल्या, नव्या लिहिल्या आणि जुन्या चिठ्ठ्या वहीत चिकटवून ठेवल्या. उद्या कोणी अपिलात गेलं तर?

असा माणूस शेजारी असणं तितकंसं निर्धोक नसतं. खालच्या मजल्यावरच्या मुलाच्या वाढदिवसाला त्याच्या बाबांनी 'शार्क' आणले, चंदेरी, चपळ, जोडी. काका पाहायला गेले. शार्क नव्हे, हा पंगॅशियस, मेकाँगकडचा कॅटफिश, मीटरभराच्या वर वाढतो, असं त्यांनी सांगितलं. इथे थांबायला हरकत नव्हती. पण मुलाने "म्हणजे कसा?" असं विचारलं, आणि प्रश्न अनुत्तरित ठेवणं काकांच्या रक्तात नाही. "अरे, हॉटेलात बासा म्हणून फिश टिक्का खातोस ना, तोच हा." तेव्हापासून मुलगा मासे खात नाही आणि मुलाची आई काकांशी बोलत नाही.

काका पुणेकर. पुण्याचा अभिमान त्यांना आहेच, पण तो तळ्यातल्या गणपतीपाशी किंवा मिसळीपाशी थांबत नाही. १८३९ साली कर्नल साईक्स या इंग्रजी अंमलदाराने दख्खनच्या माशांची जंत्री छापली आणि त्यात कॅटफिशना सीनघाला, टाकरी, गुंगवारी अशी इथल्या मच्छीमारांच्या तोंडची नावं दिली. पुढे १९३८ साली सुंदरलाल होरांनी इथल्याच एका चिमुकल्या कॅटफिशला ग्लिप्टोथोरॅक्स पूनाएन्सिस म्हटलं. त्याच्या छातीवर वळ्यांची गादी असते, तिने तो वाहत्या पाण्यात दगडाला चिकटून राहतो. हा मासा पाळायचा नाही, असा काकांचा दंडक आहे. त्याला धारेचं पाणी लागतं, टाकीत तो कष्टी होतो. पण पुलावरून जाताना ते थांबतात, कठड्यावरून खाली त्या पाण्याकडे पाहतात, काही बोलत नाहीत आणि मग महापालिकेला पत्र लिहितात. पत्रात माशाचं नाव तिरक्या अक्षरांत असतं.

काकूंनी या सगळ्यात कधी भाग घेतला नाही असं त्या म्हणतात. विजेच्या कॅटफिशला मात्र त्यांनी घरबंदी केली आहे. तो साडेतीनशे व्होल्टपर्यंत झटका देतो असं काकांनी कौतुकाने सांगितलं, तेव्हा "आपलं वायरिंग आधीच जुनं आहे" एवढंच म्हणून त्यांनी विषय मिटवला. पण चाळीस वर्षं घरात दुधी वाफवला गेला की माणसाला काहीतरी लागतंच.

गेल्या दिवाळीत दोघं काकांच्या साडूंकडे जेवायला गेले होते. हॉलमध्ये नवी टाकी, तीत फूटभर लांबीचा, चित्त्यासारख्या नक्षीचा मासा काचेला चिकटलेला. साडू कौतुकाने म्हणाले, "आमचा सकर बघा. काच कशी लख्ख ठेवतो." काका शेवेच्या लाडवाशी झगडत होते, त्यांना लगेच बोलता आलं नाही.

"सकर काय म्हणता भाऊजी," काकू बोलून गेल्या, "टेरिगोप्लिक्थिस आहे तो. पाठीवरच्या पराच्या काड्या मोजा की, दहाच्या वर भरतील."

हॉलमध्ये सगळे गप्प झाले. काकांनी लाडू गिळला. चाळीस वर्षांच्या संसारात बायकोकडे त्यांनी असं पाहिलेलं काकूंना आठवत नाही. डोळे भरून आले होते म्हणे. आता हे काहीतरी चांगलं बोलणार म्हणून काकू पदर सावरून बसल्या.

"बरोबर," काका म्हणाले, "पण अर्धवट. पार्डालिस की डिस्जंक्टिव्हस? पोटावरचे ठिपके सुटे आहेत की जुळलेले, ते पाहिल्याशिवाय नाव पुरं होत नाही. आणि दोघांचा संकर असला तर पंचाईतच." मग साडूंकडे वळून, खिशातलं भिंग पुसत, "जाळी नको, काटे अडकतात. तुम्ही बाही वर करा आणि त्याला हळूच उताणा धरा."

काकू उठल्या आणि बहिणीला म्हणाल्या, "आपण दोघी जेवून घेऊ."