बिनहुकमी फेरी

मु. आम्स्टलवेन, हॉलंड

तीर्थरूप नानांचे चरणी, कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

इकडील सर्व क्षेम आहे. सायकल-संघात नाव घातल्यापासून गुरुवारी संध्याकाळी तुझा फोन कधीच का लागत नाही, अशी जी पृच्छा आपण केली, तिचा खुलासा करणे प्राप्त आहे.

हा संघ म्हणजे चार हौशी मंडळींचा मेळा असावा, असा जो आपला समज दिसतो तो कृपया दूर करावा. येथे हजेरी आहे, गणवेश आहे, वेगानुसार वर्गवारी आहे. आणि जो गृहस्थ आठवडाभर निमूटपणे बँकेत जमाखर्च तपासतो, तो शिरस्त्राणाचा पट्टा आवळताच साक्षात सरसुभेदार होतो. दोन-दोनांच्या रांगेने, पुढच्याच्या चाकापासून हातभर अंतर राखून, तासाला तीस-पस्तीस किलोमीटरच्या वेगाने धावावयाचे. समोरून कोणी येताना दिसल्यास अग्रभागीच्याने 'तेखन', आणि वाटेत खुंट आल्यास 'पाल्त्ये' अशी आरोळी ठोकावयाची, व ती पालखीपुढील गजराप्रमाणे शेवटच्या माणसापर्यंत पोचती करावयाची, हा तेथील शिरस्ता. यात लाभ नाही असे माझे म्हणणे नाही. या सपाट मुलखात डोंगराचे काम वारा करतो, आणि दुसऱ्याच्या आडोशाला राहिल्याने श्रमांचा चांगला चौथा हिस्सा वाचतो. परंतु त्या मोबदल्यात मनुष्याच्या दृष्टीस जे पडते, ते केवळ पुढच्या गृहस्थाचे मागील चाक, आणि त्या चाकाच्या वर जे काही असेल ते. आणि त्याचे वर्णन तीर्थरूपांना लिहिण्याजोगे नाही.

म्हणून गेल्या गुरुवारी, रजेचा अर्ज न देता, शर्यतीची सायकल भिंतीशी तशीच ठेवून, सौ.ची बाजारहाटाची सायकल, जिला हातब्रेक नसून पेडल उलटे फिरवले असताच जी थांबते, ती घेऊन मी एकटाच निघालो. जूनमध्ये येथे सूर्य रात्री दहापर्यंत मावळत नाही, त्यामुळे सवड मुबलक होती.

नदीकाठी आउडरकेर्क नावाचे एक टुमदार गाव आहे. तेथील ज्या भिंतीवरून आम्ही दर गुरुवारी 'तेखन, तेखन' करीत भरधाव जातो, तिच्या आत पोर्तुगीज यहुद्यांची 1614 पासूनची दफनभूमी आहे, हे मला या खेपेस प्रथमच कळले. आम्स्टरडॅम शहरात त्यांना दफनाची जागा मिळेना, म्हणून शवे नावेतून आम्स्टल नदीने इथवर आणीत. आणि ज्या तत्त्ववेत्त्या स्पिनोझाविषयी आपण मला शाळकरी वयात, माझी मुळीच इच्छा नसताना, व्याख्याने दिलीत, त्याचे आईवडील येथेच विसावले आहेत. आपली आठवण झाली. व्याख्यानांची तर झालीच.

पुढे रोंडे हूप नावाच्या पोल्डरला, म्हणजे बांधांनी वेढून कोरड्या राखलेल्या जमिनीला, बांधावरून प्रदक्षिणा घालता येते. एका हातास नदी, दुसऱ्या हातास गायी, आणि नदी गायींपेक्षा उंच! समुद्रसपाटीच्याही खाली असलेल्या त्या जमिनीवर गायी इतक्या निश्चिंतपणे रवंथ करतात की, पाणी उपसण्याचे पंप बंद पडल्यास काय होईल हा प्रश्न मलाच अस्वस्थ करून गेला. मधोमध वस्ती नाही. ती जागा पक्ष्यांकरिता राखलेली असून, ग्रुटो नावाचा लांब चोचीचा पक्षी, ज्यास या लोकांनी राष्ट्रीय पक्ष्याचा मान दिला आहे, तो तेथे घरटी करतो. संघातील कोणासही त्याने आजवर दर्शन दिले असेल असे वाटत नाही.

परतताना वारा सरळ तोंडावर आला. या देशात समोरच्या वाऱ्याविरुद्ध सायकल हाकण्याची राष्ट्रीय स्पर्धाच भरते: झीलंड प्रांतातील ओस्टरस्खेल्डे धरणावरून, तुफानाची वर्दी मिळताच, गिअर नसलेल्या साध्या सायकलीवर साडेआठ किलोमीटर. पूर्वी मला ही माणसे वेडी वाटत. आता त्यांच्या पंक्तीस बसावयास माझी हरकत नाही. आडोसा नसला म्हणजे वारा जड खरा, पण पुढच्याच्या घामाऐवजी कापलेल्या गवताचा वास येतो.

दिव्याविषयीची आपली ताकीद मी विसरलेलो नाही. येथेही अंधारात पुढे पांढरा किंवा पिवळा व मागे तांबडा दिवा नसल्यास दंड होतो. डबलसीट मात्र, ज्यापायी काकांना एकदा पोलीसचौकी पाहावी लागली होती, ते येथे राजरोस चालते.

माझ्या फोनातील नोंदयंत्राने फेरीचा सारा तपशील परस्पर संघाच्या दप्तरी रुजू केला. ताशी चौदा किलोमीटरची सरासरी आणि दफनभूमीपाशी पाऊण तासाचा मुक्काम पाहून सरसुभेदारांनी चिंतेने विचारणा केली, की यंत्र बिघडले की प्रकृती? पुढील गुरुवारच्या हजेरीचा निकाल मी तूर्त तहकूब ठेवला आहे. परंतु चि. मुलीने डबलसीट बसण्याची, व सौ.ने आपली सायकल परत मिळण्याची, अशा दोन दरखास्ती एकाच दिवशी दाखल केल्या असून, दोन्हींवर सुनावणी सौ.समोरच व्हावयाची आहे.

कळावे.

आपला आज्ञाधारक,
बाळ