गुडघ्याला बाशिंग

जुलैतल्या एका रात्री बदलापुरात असा पाऊस झाला, की आमच्या सोसायटीसमोरच्या आंब्याची जाडजूड फांदी रस्त्यावर आडवी झाली. सकाळी लोक तिच्याखाली आपापल्या स्कूटरी शोधत होते. मला मात्र त्या फांदीवर एक झाड सापडलं. मांजराच्या शेपटीसारखी केसाळ मुळी, तिच्यातून निघालेली हातभर लांब, कातरलेली हिरवी पानं आणि बुडाशी चिकटलेली तपकिरी, पापडासारखी कडक पानं. ऑफिस बुडवून मी ते वर आणलं.

मोबाइलवरच्या अॅपने ‘ड्रायनॅरिया क्वर्सिफोलिया’ असं सांगितलं. अर्थ शोधला, तर दोन्ही शब्दांत ओक! ‘तिसऱ्या मजल्यावर ओक लावतोय’ असं मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. खालच्या मजल्यावरच्या काकांनी लगेच विचारलं, “स्लॅबला झेपेल ना?”

मग मी कामाला लागलो. आधी ती तपकिरी पानं एकूणएक उपटली. बायको खूश. “लग्नानंतर पहिल्यांदाच न सांगता काहीतरी साफ केलंत.” मुळी शेणखतात चार बोटं खोल पुरली. कुंडी पावसात होतीच, तरी सकाळ-संध्याकाळ मीही तांब्याभर पाणी घालत होतो. आपल्याकडून काही कमी पडायला नको!

तीन आठवड्यांत अर्धी मुळी सडून लिबलिबीत झाली. शेजारच्या अंबरनाथच्या देवळात १०६० सालापासून दगडात कोरलेली वेलबुट्टी अजून टिकून आहे. माझ्या हातची जिवंत वनस्पती श्रावण बघत नाही.

उलगडा झाला तो स्टेशनबाहेर. कंटोली आणि भारंगी घेऊन बसणाऱ्या मावशींना मी पिशवीतलं तपकिरी पान दाखवलं.

“हे तर बाशिंग,” त्या म्हणाल्या.

“वाळलेलं आहे.”

“वाळलेलं नाय ते, दादा. ते तसंच असतं. त्याच्यात पालापाचोळा पडतो, तेच त्याचं जेवण. काढलं नाय ना तुम्ही?”

मी कंटोलीचा भाव विचारला.

या नेच्याला दोन तऱ्हेची पानं येतात, हे मग वाचून कळलं. हिरवी पानं अन्न तयार करतात. दुसरी थोड्याच दिवसांत तपकिरी होतात, पण गळत नाहीत. खोडाला बिलगून टोपलीसारखी उभी राहतात, पडलेला पाला धरून ठेवतात आणि त्याच कुजलेल्या पाल्यावर झाड जगतं. १७५३ साली लिनियसला नाव देताना या पानात ओक दिसला. आपल्याकडच्या माणसाला नवरदेवाच्या कपाळावरचं बाशिंग दिसलं. मला कचरा दिसला. तर मी त्याचं भरलं ताट काढून घेतलं होतं आणि वर त्याला मातीत गाडलं होतं.

उरलेली वीतभर मुळी वाचवायला उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून एक फळी आणली. जंगली झाड बांधायचंय म्हटल्यावर दुकानदाराने माझ्याकडे नीट पाहिलं आणि पॉलिशचे पैसे वेगळे लावले. काथ्या गुंडाळून मुळी सुतळीने फळीवर बांधली. मातीचा कण नाही. आश्चर्य म्हणजे तिने धरलं! गणपतीपर्यंत एक नवं बाशिंग आणि दोन हिरवी पानं.

ऑक्टोबरात त्या पानांच्या पाठीवर तपकिरी ठिपके उमटले. कीड! मी रविवारची अख्खी सकाळ कडुनिंबाचं तेल आणि जुना टूथब्रश घेऊन एकेक ठिपका घासला. संध्याकाळी कळलं, की नेच्याला फूल नाही, बी नाही. पुढची पिढी असते ती या ठिपक्यांतल्या बीजाणूंत. दोन पानांवरचा सगळा वंश मी मोरीत धुऊन टाकला होता.

बायको एवढंच म्हणाली, “झाडाला कपाळावर, तुम्हाला गुडघ्याला.”

आता उन्हाळा लागलाय. हिरवी पानं गळाली. ती गळतातच, हे या वेळी आधी वाचून ठेवलं होतं, म्हणून मी कशालाच हात लावला नाही. दारावर फळी आणि फळीवर ते एकुलतं एक कडक, तपकिरी बाशिंग. काल खालचे काका जिना चढून आले, बराच वेळ ते न्याहाळलं आणि हळूच म्हणाले,

“दसरा होऊन सहा महिने झाले हो. तोरण काढा की.”